खेळात हरवण्याचा हक्क

आमच्या गटाच्या प्रदर्शनासाठी फोटो काढायचे काम मी अंगावर घेतले आणि सलग चार रविवार दादरच्या शिवाजी पार्कवर गेले. खेळात रंगलेली माणसे टिपायची, एवढेच ठरवले होते. खेळात रंगलेला माणूस स्वतःला विसरतो. शर्ट बाहेर आलाय, तोंड उघडे पडलेय, कशाचे भान नसते.

तीन रविवारचे फोटो मांडून बसले तेव्हा लक्षात आले, रंगलेले चेहरे जवळजवळ सगळे पुरुषांचे. क्रिकेट खेळणारे, झाडाखाली पत्ते कुटणारे, आणि त्यांचा डाव बघत उभे राहिलेलेही. बायका होत्या, भराभर फेऱ्या मारणाऱ्या, मुलाची बाटली धरून कट्ट्यावर बसलेल्या. समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब शिकणाऱ्या मुलीही होत्या. पण व्यायाम, शिक्षण, मुले असे काही कारण नसताना, नुसती खेळायला आलेली मोठी बाई दिसली नाही. आणि हे मैदान कोणते? १९२५ साली माहीम पार्क म्हणून खुले झालेल्या या जागेला १९२७ मध्ये शिवाजी पार्क हे नाव मिळाले, ते नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे!

चौथ्या रविवारी मात्र एका कोपऱ्यात तिघीजणी बॅडमिंटन खेळताना दिसल्या. एक पन्नाशीची, पदर खोचलेली, फूल चुकले की खळखळून हसणारी. मी न विचारता फोटो काढला. तिने पाहिले. रॅकेट खाली गेली, पदर सारखा झाला. जवळ येऊन म्हणाली, ‘‘ताई, हा कुठे छापू नका हं. घरी सांगितलेलं नाही, खेळायला येते म्हणून.’’ तिच्यासमोरच फोटो पुसला. पण खेळ मोडला तो मोडलाच.

आधी विचारले तर क्षण निसटतो, असे फोटोग्राफर सांगतात. पत्ते कुटणाऱ्याला त्याची काही किंमत पडत नाही. बाईला पडते. तिचे स्वतःला विसरणे मुळात चोरून मिळवलेले असते. २०१३ च्या कायद्याने बाईचे खाजगी क्षण टिपणे गुन्हा ठरवले, नव्या न्याय संहितेतही ते कलम आहे. पण मैदानातला खेळ त्यात बसत नाही. तेव्हा नियम आपणच आपल्याला घालून घ्यायला हवा : खेळ संपल्यावर फोटो दाखवायचा, विचारायचे, नको म्हटले तर पुसायचा. ‘चळवळीसाठी आहे’ ही सबब चालणार नाही.

मग भिंतीवर पुन्हा पुरुषच दिसणार, असे कोणी म्हणेल. खरे आहे. त्यावर उपाय चोरून काढलेले फोटो हा नाही. खेळणाऱ्या बायका वाढणे हा आहे. फुगडी, झिम्मा, सागरगोटे आपल्याला येतातच. पण मंगळागौरीच्या निमित्ताने, घरात, रात्री. ते निमित्त सोडून देऊ या. प्रत्येक गटाने महिन्यातून एक संध्याकाळ जवळच्या मैदानावर नुसते खेळायला जावे. घरी सांगून जावे. सुरुवातीचे काही महिने कोणीही कॅमेरा नेऊ नये.

मीही येईन. रॅकेट घेऊन.