'ढ' हा शिक्का कुणी मारला?

घोड नदीवर डिंभे धरण झाले. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव दिले. पाणी कालव्याने खालच्या तालुक्यांत गेले आणि ज्यांच्या जमिनी बुडाल्या ती आदिवासी कुटुंबे डोंगराला चिकटून राहिली. पाण्याच्या या वाटपावर चळवळी बोलल्या. शाळेतल्या वाटपावर कोण बोलणार?

शहरातल्या सुखवस्तू घरातले मूल अक्षरे उलटसुलट लिहू लागले की पालक तज्ज्ञ गाठतात. प्रमाणपत्र मिळते, परीक्षेत जादा वेळ मिळतो. तीच अडचण डोंगरातल्या मुलाला असेल तर तो 'ढ' ठरतो आणि बोट त्याच्या जमातीकडे दाखवले जाते. एकाला निदान, दुसऱ्याला शिक्का! बुद्धी जन्माने ठरते, हा मनुवादी समज अजून वर्गात बसलेला आहे. बाल भीमरावांना वेगळ्या गोणपाटावर बसावे लागले होते. मूल मागच्या बाकावर टाकून देणे म्हणजे काय, हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको.

अशा मुलांना 'शिस्त लावा' असे सांगितले जाते. आम्ही म्हणतो, शिस्त नको, स्वनियमन शिकवा. शिस्त घंटा आणि छडीच्या धाकाने चालते; स्वनियमनात सूत्रे मुलाच्या हाती येतात. कॅरन हॅरिस आणि स्टीव्ह ग्रॅहम या अमेरिकन अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून त्याची पद्धत विकसित केली. शिक्षक फळ्यापाशी मोठ्याने विचार करतो : "आधी काय सांगायचे ते ठरवतो, मग लिहितो, मग तपासतो." मुले त्या पायऱ्या पाठ करतात, मदतीने वापरतात, शेवटी एकटी वापरतात. छोटे ध्येय स्वतः ठरवायचे, झाले की स्वतःच खूण करायची. याला संगणक लागत नाही. प्रशिक्षित शिक्षक आणि वेळ लागतो.

पण एक धोका आहे. घरची बोली वेगळी म्हणून अडखळणाऱ्या मुलाला अक्षम ठरवू नका आणि खरी अक्षमता 'बोलीचा प्रश्न' म्हणून झाकूही नका. तसेच, शिक्षक द्यायचे नाहीत आणि मुलालाच 'स्वतःला सावर' म्हणायचे, ही फसवणूक आहे.

आम्ही दान मागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे. कलम १७ प्रमाणे दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचे सर्वेक्षण करणे ही सरकारची जबाबदारी आहे. शिक्षण हक्क कायद्याने तर मारहाण आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले आहेत.

म्हणून घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला आमचा थेट सवाल : आश्रमशाळांत हे सर्वेक्षण कधी झाले? त्यात किती मुले आढळली? त्यांच्यासाठी किती विशेष शिक्षक नेमले? पालकांनो, ग्रामसभेत हेच तीन प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

जय भीम! जय आदिवासी!