दुखावलेला हात आणि मिटता चाकू

पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. पुढे भोसरी-चिंचवडचा माळ कारखान्यांनी व्यापला, आणि त्यानंतर चाकणच्या कांदा-बटाट्याच्या बाजारपेठेभोवती मोटारींचे व त्यांच्या सुट्या भागांचे उद्योग आले. खेड व मावळ तालुक्यांतील कित्येक घरांत आता एक भाऊ शेतावर तर दुसरा यंत्रावर असतो. या व्यवस्थेचे लाभ सर्वांस ठाऊक आहेत. यंत्रावर हात दुखावलेला भाऊ बरा होण्यासाठी शेतावरच परततो, ही तिची दुसरी बाजू मात्र क्वचितच बोलली जाते.

पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेसखाली बोटे सापडण्याचे प्रकार वाहन उद्योगात विरळ नाहीत. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून आपल्या अहवालांतून त्यांची नोंद करीत आली आहे. गेलेल्या बोटांचा हिशेब कायद्याने फार पूर्वीच मांडला. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास ३०, तर्जनी समूळ गेल्यास १४ आणि करंगळी गेल्यास ७ टक्के कमाईची शक्ती गेली, असे धरण्यात आले. परंतु जे बोट जागेवर आहे पण मिटत नाही, किंवा मिटते पण ज्यास स्पर्श कळत नाही, त्याचा हिशेब असा सहज कोष्टकात बसत नाही. तो शेवटी घरच्यांनाच मांडावा लागतो, आणि नेमकी तेथेच चूक होते.

टाके निघाले की, ‘आता हलके काम करावयास हरकत नाही’ असे घरात ठरते. गुलाबाच्या खुंटावर डोळा भरणे, आंब्याचे कलम बांधणे, सुतळी कापणे ही ती हलकी कामे. त्यासाठी खिशातील मिटता चाकू हाती दिला जातो. कुदळीच्या मानाने चाकूचे वजन ते काय, हा विचार वरवर योग्य दिसतो. पण तो चुकीचा आहे. कुदळीस सबंध पंजा लागतो, तर चाकूस अंगठा व तर्जनी यांची चिमूट लागते, आणि दुखण्यानंतर पुष्कळदा हीच चिमूट सर्वांत उशिरा सावरते.

मिटत्या चाकूची रचनाच पाहावी. पात्याच्या पाठीशी एक ताठ कमान असते. तिच्या दाबामुळे पाते उघडे राहते व मिटलेलेही राहते. उघडताना नखाच्या खाचेत नख घालून हा दाब मोडावा लागतो. नख निसटले तर पाते अर्ध्यावरून परत येते. मिटताना धोका अधिक, कारण पाते ज्या खोबणीत शिरावयाचे तिच्याच तोंडाशी मूठ धरणारी बोटे असतात. धड हाताची बोटे आपसूक मागे सरतात. ज्यांची संवेदना मंद झाली आहे, त्यांस मागे सरण्याची सूचनाच मिळत नाही. खटका असलेला चाकू काम चालू असता मिटत नाही हे खरे; परंतु तो मिटण्यासाठी अंगठ्याने खटका दाबून धरावा लागतो, म्हणजे दुबळ्या अंगठ्यावर आणखी एक काम पडते. (खटक्याच्या रामपुरी चाकूची ख्याती चित्रपटांनी भलत्याच कारणासाठी वाढविली, ती गोष्ट वेगळी.)

काम करता करता हात सुधारतो, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यात तथ्य आहे. न हलविलेले बोट आखडते. पण शिवलेल्या कंडरेवर सामान्यतः १२ आठवडे जोराची पकड पडू देत नाहीत, नाही तर ती पुन्हा तुटण्याची भीती असते. मज्जातंतू दिवसास सुमारे १ मिलिमीटर वाढतो, तेव्हा मनगटाशी तुटलेला तंतू बोटाच्या टोकास पोचावयास सहा महिने सहज जातात. चिकुनगुन्यासारख्या तापानंतरही सांधे कित्येक महिने धरलेले राहतात. त्यात बोटे सकाळी अधिक आखडतात, आणि शेतावरचे काम तर सकाळीच निघते.

म्हणून हाताची परीक्षा चाकूने घेऊ नये. डॉक्टरांची अनुमती मिळाल्यावर प्रथम कणीक मळावी, ओले फडके पिळावे, धान्यातून खडे वेचावेत. डोळे मिटून नाणे व गोटी यांतील भेद बोटांस कळतो की नाही, हे घरच्या घरी पाहता येते. तो कळू लागल्यावरही मिटता चाकू घेण्याऐवजी जाड मुठीचा, न मिटणारा लहान चाकू घ्यावा. मुठीस सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळल्यास ती कमी जोरात धरता येते. मिटता चाकूच वापरावयाचा असेल तर तो दुसऱ्याने उघडून द्यावा. पाते बोथट नसावे, कारण बोथट पात्यास अधिक जोर लागतो व ते घसरते.

बधिर हातांनी शेती होते, हे महारोगी सेवा समितीच्या आनंदवनातील कुष्ठमुक्त माणसांनी वरोड्याजवळच्या खडकाळ जमिनीवर दाखविले आहे. परंतु अशा हातांस वेदना पहारा देत नाही. ते काम डोळ्यांस करावे लागते. रोज संध्याकाळी हात धुताना कोठे खरचटले, कोठे फोड आला, हे उजेडात पाहण्याची सवय खेड-मावळातील घरांनीही लावून घ्यावयास हवी.

कृषी प्रशिक्षणाच्या वर्गांत कलमे बांधण्याची प्रात्यक्षिके होतात, तेथे चाकू उजव्या व धडधाकट हातातच असावयाचा असे गृहीत धरलेले असते. डाव्या हाताने डोळा काढण्याचे एखादे प्रात्यक्षिक ठेवावयास खर्च काहीच नाही. तोवर डोळा काढण्याचे काम घरातील दुसऱ्या कोणी करावे व दुखावलेल्या हाताने खुंटास पट्टी गुंडाळावी. ती गुंडाळण्यातही बोटांस पुष्कळ काम पडते.