पाखराचे घरटे आणि आमची किळस

परदेशी गेलेली मुले सुटीत घरी येऊ लागल्यापासून साताऱ्या-सांगलीच्या सुशिक्षित घरांत कधी कधी एक नवा पदार्थ चर्चेस येतो. सिंगापूर, हाँगकाँग येथून आणलेल्या सुबक पेटीत पांढुरक्या, वाटीच्या तुकड्यासारख्या चकत्या असतात. पाकोळी नावाच्या पाखराने स्वतःच्या लाळेने बांधलेले ते घरटे होय. चिनी लोक ते शिजवून खातात, हे कळताच आमच्या मंडळींचे दोन तट पडतात. एक तट ‘शी! थुंकी खायची?’ म्हणून नाक मुरडतो. दुसरा पेटीवरची किंमत मोठ्याने वाचून दाखवितो. आमच्या मते दोन्ही तट चुकत आहेत, आणि जो प्रश्न खरोखर विचारावयास हवा तो दोघांपैकी कोणीच विचारीत नाही.

आधी नाक मुरडणारांचे पाहू. ज्या घरातून ही ‘शी’ ऐकू येते त्याच घरात पूजेच्या वेळी पंचामृतात मध पडतो. मध म्हणजे काय? मधमाशीने फुलातला रस पोटातील पिशवीत भरून आणावा, तो पोळ्यावर येऊन बाहेर काढावा, दुसरीने तो तोंडात घेऊन पुन्हा काढावा, आणि असा आटविलेला रस आपण देवाच्या मस्तकी घालावा! सोवळ्याचा मुकटा घ्या. रेशमाचा धागा ही किड्याच्या तोंडाजवळून पाझरणारी लाळच. आणि तो अखंड मिळावा म्हणून कोशातला जीव उकळत्या पाण्यात मारावा लागतो. असे वस्त्र नेसून जो गृहस्थ पाटावर बसतो त्याने पाकोळीच्या लाळेस अमंगळ म्हणावे, ही मोठीच मौज आहे. शाकाहारी मनुष्य मांसाच्या रश्श्यात शिजलेले घरटे खाणार नाही, हे योग्यच. तो त्याच्या व्रताचा प्रश्न झाला. पण व्रत निराळे आणि किळस निराळी. किळस ही बहुधा सवयीची लेक असते. तिला धर्माचे नाव देऊन मोठेपणा मिळत नाही.

आता किंमत वाचणारांकडे वळू. हा पदार्थ करितात कसा? वाळलेले घरटे काही तास पाण्यात भिजत घालावयाचे, फुगल्यावर त्यातील बारीक पिसे चिमट्याने एकेक वेचावयाची, आणि मग पाण्याच्या वाफेवर बेताने शिजवावयाचे. गोड करणारे त्यात खडीसाखर घालितात. तिखट-मिठाचे करणारे कोंबडीचा निवळ रस्सा, मांसाचे बारीक तंतू, अंड्याचा पांढरा बलक इत्यादी घालितात. शेवटी हाती येते ते मऊ, बुळबुळीत, काचेसारखे तंतू असलेले सूप. त्याची चव कोणाची? रश्श्याची! घरट्यास स्वतःची चव जवळजवळ नसते, हे त्याचे चाहतेही नाकारीत नाहीत. आमच्याकडे कोणत्याही मराठमोळ्या घरी मटण शिजताना जे अळणी पाणी काढून ठेवितात, त्याची वाटी ज्याने आजारपणानंतर प्याली असेल त्यास या सुपातले निम्मे रहस्य ठाऊक आहेच. राहिले पौष्टिकत्व. घरट्यात निम्म्याहून अधिक प्रथिन असते हे खरे. परंतु एका वाटीत घरटे पडते ते काही थोडे ग्रॅम. तेवढे प्रथिन एक उकडलेले अंडे देते, आणि तेही पिसे वेचावयास न लाविता. तारुण्य टिकविण्याच्या ज्या कथा पेटीवर छापिलेल्या असतात, त्या पेटी खपविण्यासाठी आहेत.

पण एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. रुचीसाठी पैसे उधळणारे सर्व काळी असतातच. आम्हांस लेखणी उचलावी लागली ती वेंगुर्ल्यामुळे.

ही घरटी केवळ चीन-मलायाकडील वस्तू आहे असा पुष्कळांचा समज आहे. वेंगुर्ल्याच्या समुद्रात काही मैलांवर जे खडक आहेत, त्यांतील इंग्रजी नकाशात ‘बर्न्ट आयलंड’ म्हणून दाखविलेल्या बेटाच्या गुहेत हजारो पाकोळ्या घरटी करितात. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत ज्यांनी पुढाकार घेतला ते ॲलन ह्यूम हे पक्षिशास्त्रज्ञही होते. १८७५ च्या लक्षद्वीपच्या सफरीत ते या खडकांवर गेले होते आणि त्याचे वर्णन त्यांनी आपल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापिले. म्हणजे ही वसाहत काही काल-परवाची नव्हे. काळोख्या गुहेत टकटक असा आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट शोधणारे हे पाखरू. त्याची लाळ पिसांत आणि शेवाळात मिसळलेली असते, म्हणून बाजारात त्याचे घरटे दुय्यम गणले जाते. दुय्यम असूनही ते चोरीस पुरते! या शतकाच्या आरंभी चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेच्या मंडळींना त्या गुहेत घरटी खरवडण्यासाठी बांधलेली बांबूंची परांची आढळली. पुढे या संस्थेने तेथे पहाऱ्याचे काम अंगावर घेतले. अंदमानात रवि शंकरन या शास्त्रज्ञाने एकेक गुहा पालथी घालून पाकोळ्यांची संख्या कशी झपाट्याने घटली ते दाखविले, आणि पूर्वी घरटी काढणाऱ्या माणसांनाच राखणदार नेमण्याची युक्ती १९९९ पासून अमलात आणिली.

घरटे काढल्याने नुकसान ते काय, पाखरू दुसरे बांधील, असे कोणी म्हणेल. बांधते खरे. परंतु एक घरटे बांधावयास त्यास महिना-सव्वा महिना लागतो; आणि चोर अंडी-पिले पाहून थांबत नाही. आज घेतले नाही तर उद्या दुसरा चोर घेईल, ही त्याची विवंचना असते. पिलू खाली पडते, ऋतू निघून जातो.

येथे आमचे काही मित्र म्हणतील, मग सरसकट बंदीच घाला. आम्ही त्या मताचे नाही. इंडोनेशिया आणि मलेशियात या पाखरांसाठी मुद्दाम अंधाऱ्या इमारती बांधितात, त्यांच्या आवाजाच्या ध्वनिफिती लावून त्यांस बोलावितात, आणि पिले उडून गेल्यावर रिकामे घरटे काढितात. पूर्वी सह्याद्रीत धूर-जाळ करून आग्या मोहोळ पिळीत. त्यात माशा, पिले, मध सर्व एकदम चेंगरले जाई. पुढे महाबळेश्वरच्या खोऱ्यांत पेट्यांतील मधमाशापालन रुजले, आणि २०२२ साली तेथील मांघर हे गाव ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. माशी निराळी, पण मध तो मधच, रीत तेवढी बदलली. रिकामे झालेले घरटे खाणाऱ्यास दोष देण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही.

दोष आहे तो न विचारण्यात. पेटीवर चिनी अक्षरे असतात, सोनेरी नक्षी असते. घरटे इमारतीतले की गुहेतले, पिलू उडाल्यावर काढलेले की पिलासकट ओरबाडलेले, याविषयी बहुधा एक शब्द नसतो. आंबा घेताना देवगडचा की कर्नाटकाचा म्हणून दुकानदाराशी अर्धा तास हुज्जत घालणारे आमचे लोक येथे मात्र मुकाट्याने हजारो रुपये मोजितात! आमच्या एका स्नेह्याने अशी पेटी आमच्यापुढे ठेविली तेव्हा आम्ही हेच दोन प्रश्न विचारिले. त्यास उत्तर ठाऊक नव्हते. पेटी ज्याने आणिली त्या मुलासही नव्हते. मग त्या दिवशी कोंबडीचा रस्सा घरट्यावाचूनच वाढला गेला, आणि पानावरील कोणाच्याही ते ध्यानात आले नाही.