डोक्यातील दुखणे आणि हृदयाचा ठोका

शेतात काम करणारा धडधाकट माणूस एकाएकी दोन्ही हातांनी डोके धरून खाली बसतो. "असे डोके जन्मात दुखले नव्हते," एवढेच तो कसेबसे बोलतो, ओकतो आणि बेशुद्ध पडतो. दवाखान्यात हृदयाचा आलेख काढतात, तोही बिघडलेला निघतो. घरची मंडळी समजतात की, हृदयविकाराचा झटका आला. तथापि मूळ दुखणे हृदयात नसून डोक्यात असू शकते, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे.

मेंदूवर तीन आवरणे असतात. त्यांपैकी आतल्या दोहोंच्या मधल्या जागेत पाण्यासारखा द्रव असतो, आणि मोठ्या रक्तवाहिन्याही तेथूनच जातात. एखाद्या वाहिनीच्या भिंतीस दुबळ्या जागी फुगा आलेला असतो. तो फुटला म्हणजे रक्त मेंदूभोवती पसरते. या आघातासरशी अॅड्रिनलिन व तत्सम द्रव्ये शरीरात एकदम उसळतात आणि हृदयाच्या स्नायूंवर त्यांचा मारा होतो. मग नाडी कधी मंद, कधी जलद, तर कधी अनियमित चालते; क्वचित ठोक्यांची ही गडबड प्राणावरही बेतते. १९५४ साली अमेरिकेतील डॉक्टर बर्च व त्यांचे सहकारी यांनी मेंदूच्या अशा आघातानंतर हृदयाच्या आलेखात दिसणाऱ्या विशिष्ट फेरफारांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुष्कळदा अशा रोग्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या मुळीच तुंबलेल्या नसतात, आणि आलेखही काही दिवसांनी वा आठवड्यांनी पूर्ववत होतो.

येथे गफलत झाली तर ती महागात पडते. हृदयविकारात रक्त पातळ करणारी औषधे देतात; डोक्यात रक्त वाहत असता तीच घातक ठरतात. म्हणून डॉक्टरांना सर्वप्रथम सांगावे की, आधी काय झाले: छातीत कळ आली, की डोक्यात? अशा डोकेदुखीवर घरच्या घरी अॅस्पिरिन देऊ नये. सी. टी. स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात रोग्यास विनाविलंब न्यावे; पहिल्या काही तासांत हे रक्त त्यात बहुधा स्पष्ट दिसते. फुगा पुन्हा फुटण्याची भीती पहिल्या दिवशीच सर्वाधिक असते. पुढे शस्त्रक्रियेने किंवा नळीवाटे तार घालून तो बंद करतात, आणि तोवर हृदयाच्या ठोक्यांवर अहोरात्र नजर ठेवतात.

रक्तदाब आटोक्यात ठेवणे आणि विडी-सिगारेट सोडणे, हे दोन उपाय मात्र आजपासूनच आपल्या हाती आहेत.