बर्फ नव्हे, वारा

उन्हाळ्यात माशांच्या टाकीतले पाणी तापले की त्यात बर्फ टाकावा, हा सल्ला घरोघरी दिला जातो. पाणी गरम झाले, मासा कासावीस झाला, म्हणून पाणी गार करावे, हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला भिडतो. शहराच्या मांजरी भागातल्या नव्या इमारतींच्या पश्चिमेकडच्या भिंती रात्र झाली तरी निवत नाहीत आणि अशा खोलीतल्या टाकीचे पाणी ३१-३२ अंशांवर जाते. काळजी रास्त आहे, पण बर्फ हा उपाय भलत्याच दुखण्यावरचा आहे.

गप्पी, मॉली, एंजल हे मासे ३० अंशांच्या पाण्यात केवळ उष्णतेने लगेच मरत नाहीत. डिस्कस तर २८ ते ३० अंशांतच सुखाने राहतो. बहुतेकांचा जीव जातो तो प्राणवायू अपुरा पडल्यामुळे. गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.६. हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. पुणे साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने इथे त्यातून आणखी सहा टक्क्यांच्या आसपास घट धरावी लागते. मासा मात्र पाणी तापेल तसा अधिक प्राणवायू मागतो, कारण त्याच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबरच चढते. फिल्टरमधल्या उपयुक्त जिवाणूंनाही त्यातलाच वाटा लागतो. गोल्डफिशची गोष्ट थोडी वेगळी. तो थंड पाण्यातला मासा असल्याने त्याला उष्णताही सोसत नाही. पण त्याच्यासाठीही बर्फ हा मार्ग नव्हे.

हिशेबच मांडून पाहावा. शंभर लिटरच्या टाकीचे तापमान एका अंशाने उतरवायला जवळपास एक किलो बर्फ लागतो. चार अंशांसाठी चार किलो. एवढा बर्फ एकदम सोडला तर तासाभरात पाणी झपाट्याने गार होते आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा तापते. हा चढउतार माशाला संथ उष्णतेपेक्षा जाचक ठरतो. त्याची प्रतिकारशक्ती खचते आणि अंगावर पांढरे ठिपके आणणाऱ्या रोगाला वाव मिळतो. तासाला एका अंशापेक्षा वेगाने पाणी उतरवू नये. बंद बाटलीत गोठवलेले पाणी तरंगत ठेवले तर नळाच्या पाण्यातला क्लोरीन टाकीत जात नाही, एवढाच फायदा. चढउतार चुकत नाहीत.

तेच काम वाफ अधिक सौम्यपणे करते. शंभर लिटर पाणी एक अंशाने निववायला त्यातले पावणेदोनशे मिलिलिटर पाणी उडून जाणे पुरते. माठातले पाणी ज्या कारणाने गार राहते, तेच हे कारण. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की टाकीच्या पृष्ठभागावर तिरका वारा घालणारा छोटा पंखा पाणी दोन ते चार अंशांनी खाली आणतो, तेही हळूहळू. त्याच वाऱ्याने आणि हवेच्या पंपाने पृष्ठभाग ढवळला जातो आणि प्राणवायू आत शिरतो. एका उपायात दोन्ही कामे होतात. बर्फाला हे जमत नाही.

काचेचे झाकण काढले तर मासे उडी मारतील, हा आक्षेप खरा आहे. त्यासाठी बारीक जाळी बसवावी. बंद झाकणाखाली वाफ कोंडते आणि पंखा निरुपयोगी होतो.

याहून घातक समजूत हवेच्या पंपाविषयी आहे. आवाज होतो म्हणून तो रात्री बंद केला जातो. अंधारात टाकीतल्या वनस्पती प्राणवायू तयार करत नाहीत, उलट वापरतात. त्यामुळे पहाटे पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. सकाळी मेलेला मासा दिसतो आणि दोष आदल्या दुपारच्या उन्हाला दिला जातो.

मासे वर येऊन तोंड उघडमीट करू लागले की ते भुकेले आहेत असे समजून खाद्य टाकले जाते. ते हवेसाठी वर आलेले असतात. उरलेले खाद्य कुजताना प्राणवायू खाते आणि अमोनिया वाढवते. पाण्याचा सामू ८ असेल, तर अमोनियाचा विषारी अंश २५ अंशांना पाच टक्क्यांच्या आसपास असतो, ३० अंशांना साडेसात. म्हणून उन्हाळ्यात खाद्य निम्म्यावर आणावे आणि गरमीच्या लाटेत एखादा दिवस द्यायचेच नाही.

सगळे पाणी एकदम बदलणे हाही बर्फाचाच भाऊ. मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये महापालिकेत आले, तरी इथल्या अनेक सोसायट्यांची भिस्त टँकर आणि बोअरवेलवर आहे. कातळातले बोअरचे पाणी बहुधा जड असते, आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी माशांच्या टाकीतल्या पाण्याहूनही गरम असू शकते. बदल सकाळी करावा, आठवड्याला पाव हिश्श्याइतकाच. नवे पाणी रात्रभर बादलीत हवेचा पंप लावून ठेवावे, म्हणजे साधा क्लोरीन निघून जातो. पंख्याने उडालेले पाणी भरून काढणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे: वाफ जाते, क्षार मागे राहतात. ही भर आरओच्या पाण्याने घालावी.

वीज गेली की पंखा, पंप, फिल्टर तिन्ही थांबतात. बॅटरीवर चालणारा पंप उन्हाळ्याआधीच घेऊन ठेवणे इष्ट. तो नसेल तर मगभर पाणी टाकीतूनच घेऊन वीतभर उंचीवरून, दर दहा-पंधरा मिनिटांनी काही वेळा परत टाकीत ओतावे. फायटर आणि गुरामी हवेतून श्वास घेऊ शकतात, त्यांना धीर धरता येतो. आधी गोल्डफिश आणि गर्दीच्या टाकीकडे पाहावे.