चिचुंद्रीच्या दातांतला इतिहास

बोर्ना विषाणूमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण जर्मनीत वर्षाला मोजकेच सापडतात. पण लागण झालेल्यांपैकी जवळजवळ कोणीच वाचत नाही आणि खात्रीचा उपचारही हाती नाही. माणसांतील हे मृत्यू याच विषाणूमुळे होतात, हे २०१८ मध्ये स्पष्ट झाले. २०२० पासून अशा प्रत्येक रुग्णाची नोंद तिथे सक्तीची आहे.

हा विषाणू बाळगते ती शेताच्या कडेला, गोठ्याच्या आडोशाला राहणारी पांढऱ्या दातांची दुरंगी चिचुंद्री. ती स्वतः आजारी पडत नाही. तिच्या लाळेतून आणि मलमूत्रातून विषाणू बाहेर पडतो. चिचुंद्री म्हणजे लांब नाकाचा उंदीर, हा समज तिकडेही आहेच. प्रत्यक्षात ती उंदराच्या कुळातली नाही. तिचे नाते घुशीपेक्षा साळूसारख्या काटेरी जाहकाशी अधिक जवळचे.

मध्य युरोपात चिचुंद्र्यांची दोन घराणी आहेत. एका घराण्याच्या दातांची टोके लाल असतात. तिथल्या लुकणात लोह असते. हा रंग इतका पक्का की हंगेरी आणि पोलंडमधील लाखो वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही तो दिसतो. हंगेरीतील बेरेमेंड गावच्या चुनखडीत सापडलेल्या अशाच एका मोठ्या चिचुंद्रीचे वर्णन १८६४ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘बेरेमेंडिया’ हे तिचे आजचे नाव त्या गावावरून पडले. तिच्या पुढच्या दाताला बारीक खाच होती. भक्ष्याच्या अंगात विषारी लाळ उतरवण्यासाठी ती असावी, असे काही संशोधक मानतात. ही जात हिमयुगाच्या चढउतारांत नामशेष झाली.

असे दात गुहांत आणि कपारींत ढिगांनी साठले, याचे बरेचसे श्रेय घुबडांना. शिकार गिळून न पचलेली हाडे त्यांनी एकाच जागी ओकायची, हे पिढ्यान्‌पिढ्या चालले. संशोधक ती माती बारीक चाळणीत धुतात आणि मिलिमीटरभराचे दात सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. काम कंटाळवाणे, पण हवामानाची इतकी बोलकी वही क्वचितच मिळते. चिचुंद्रीला दर काही तासांनी खावे लागते. थंडी वाढली, किडे घटले की तिचा मुक्काम हलतो.

पांढऱ्या दातांचे घराणे उबेचे. मध्य युरोपात त्याचे अवशेष मुख्यतः दोन हिमकाळांमधल्या उबदार टप्प्यांत मिळतात. कडाक्याच्या थरांत ते दिसेनासे होतात. बोर्नाच्या चर्चेत या नोंदीला म्हणूनच महत्त्व आहे. युरोप तापतो आहे आणि विषाणूची वाहक नेमकी उबेमागे जाणारी आहे. अर्थात चिचुंद्री पसरली म्हणजे विषाणू लगेच पसरला, असे नव्हे. ती फार दूर फिरत नाही, त्यामुळे विषाणूचे प्रकारही प्रदेशागणिक वेगळे आढळतात. तरीही केवळ रुग्ण मोजत बसण्यापेक्षा चिचुंद्रीची हद्द कुठवर सरकली, हे पाहणे अधिक शहाणपणाचे. त्यासाठी आजच्या घुबडांच्या ओकाऱ्याही उपयोगी पडतात.

आपल्या घरांत रात्री चिकचिकणारी चिचुंद्रीही पांढऱ्या दातांचीच, पण तिची जात वेगळी. बोर्नाचा हा विषाणू मध्य युरोपाबाहेरच्या चिचुंद्र्यांत आढळलेला नाही. बाधित भागातील जर्मन रहिवाशांना मात्र सूचना आहेत: मेलेली चिचुंद्री उघड्या हाताने उचलू नका, मांजराचे खाणे बाहेर ठेवू नका आणि धुळीने भरलेली कोठारे झाडताना हातमोजे व मुखपट्टी वापरा.