काउंटर म्हणतो एक

गेल्या शनिवारी गावी होतो. गाव म्हणजे कोरीट, जिल्हा नंदुरबार. पुण्यात कुणाला सांगितलं की "ते मिरचीवालं नंदुरबार का?" एवढाच प्रश्न येतो. हो, तेच.

रात्रीच्या बसमध्ये झोप लागेना. कारण ऑफिसातलं. आमच्या एका क्लायंटचं शेतातली मोटर मोबाईलवरून चालू-बंद करणारं यंत्र आहे. त्याची माहितीपुस्तिका साइटवर सात भाषांत ठेवलीय. आता खर्च कमी करायचाय, म्हणून ज्या भाषेचे डाउनलोड कमी ती पुढच्या आवृत्तीपासून बंद, असं ठरतंय. इंग्रजीचे डाउनलोड हजारांत, मराठीचे दोन आकडी. आणि ही यादी काढणारी चार ओळींची क्वेरी कोणी लिहिली? अस्मादिकांनीच!

वेळ घालवायला लॅपटॉप उघडला. मला जुने डॉसचे प्रोग्राम गोळा करायचा नाद आहे (प्रत्येकाला काहीतरी व्यसन असतंच). त्यात बीबीएससाठीची एक छोटी युटिलिटी होती. बीबीएस म्हणजे इंटरनेट घरोघरी येण्याआधीची गोष्ट. कुणीतरी आपल्या घरच्या कॉम्प्युटरला मोडेम आणि फोनची लाईन जोडून ठेवायचा, बाकीचे त्या नंबरवर फोन लावून फाइल्स उतरवून घ्यायचे. पहिलं बीबीएस शिकागोत १९७८ साली सुरू झालं. आपल्याकडे मुंबईत सुचित नंदांचं 'लाइव्ह वायर' होतं, बंगळुरात अतुल चिटणीसांचं 'सीआयएक्स'. १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं आणि हळूहळू हा सगळा खेळ आटोपला.

तर ती युटिलिटी. फाइल्सच्या यादीत प्रत्येक नावापुढे चौकोनी कंसात एक आकडा असायचा, [०७] असा. कुणी फाइल उतरवली की लॉग वाचून हा प्रोग्राम तो आकडा एकाने वाढवायचा, वर 'टॉप टेन'ची यादीही काढून द्यायचा. पण चालवणाऱ्याला, म्हणजे सिसॉपला, खरी गरज होती ती यादीच्या तळाची. हार्ड डिस्क चाळीस-ऐंशी एमबीची. नवीन काही ठेवायचं तर जुनं काहीतरी उडवायलाच हवं, मग शून्यवाली फाइल आधी.

आता गंमत बघा. २४०० बॉडच्या मोडेमवर एक एमबी उतरवायला तासाहून जास्त वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला. एवढी उस्तवार करून आणलेली फाइल कोण एकटा वापरेल? फ्लॉपीवर कॉपी करून कॉलेजात, ऑफिसात, गल्लीत वाटायची. वापरणारे पन्नास, कंसात आकडा एक. उलट शहरातला जलद मोडेमवाला गंमत म्हणून दहा गेम उतरवणार आणि विसरून जाणार. त्याचे दहा पुरे मोजले जाणार. म्हणजे जिथे जोडणी महाग, तिथलेच लोक काउंटरला दिसत नाहीत.

हे तेव्हा नुसतं मजेशीर वाटलं. सकाळी कोरीटला पोचलो, चहा झाला, आणि काका म्हणाले, "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना, हे जरा मोठं करून दाखव." बघतो तर आमचीच मराठी पुस्तिका! वर व्हॉट्सअ‍ॅपचे दोन बाण, म्हणजे पाच किंवा जास्त हात फिरून आलेली. कुठून आली? शेजारच्या दादाकडून. त्याला कुठून? साडूकडून. विहिरीत पाणी नसताना मोटर आपोआप बंद कशी करायची, ते पान काकांना हवं होतं. ते सेटिंग चुकलं तर मोटर जळते, वायंडिंगचा खर्च येतो, आणि ती दुरुस्त होऊन येईपर्यंत पिकाला पाणी नाही. साइट कुणी उघडली होती? काकांनी तर नाव पण ऐकलं नव्हतं.

माझ्या क्वेरीत हे सगळं घर, शेजार आणि साडू मिळून एक. कदाचित तोही तालुक्याच्या दुकानदाराचा.

त्यात आम्ही अजून एक शहाणपणा केलाय. पुस्तिका डाउनलोडच्या संख्येनुसार लावल्यात, आकडाही शेजारी दाखवतो. २००६ साली सालगानिक, डॉड्स आणि वॉट्स या तिघांचा एक प्रयोग 'सायन्स'मध्ये आला होता. चौदा हजारांहून जास्त लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकायला दिली. आधीच्यांनी काय डाउनलोड केलं ते ज्यांना दिसत होतं, त्यांच्यात वरची गाणी आणखी वर गेली आणि खालची आणखी खाली. आमची मराठी सगळ्यात तळाला आहे, मोबाईलवर तीनदा स्क्रोल केल्यावर दिसते. आणि मग आम्ही म्हणतो, मागणीच नाही!

मॅनेजर म्हणेल, बरं, मग मोजायचं कसं? प्रश्न रास्त आहे, डाउनलोड मोजणं फुकट पडतं म्हणून तर सगळे तेच मोजतात. पण महाराष्ट्रात किती यंत्रं विकली ते क्लायंटच्या बिलांत आहे. मदतीसाठी येणारे फोन कुठल्या भाषेत होतात तेही नोंदलेलं असतं. दोन्ही आकडे मी मागितलेच नाहीत, कारण लॉग हाताशी होता आणि शुक्रवार होता.

सोमवारी मेल टाकलीय, जुनी क्वेरी चूक आहे हे माझ्याच नावानिशी लिहून. अजून उत्तर नाही. काकांचा मात्र काल फोन आला होता, यंत्रातलं सिम कसं बदलायचं ते कुठल्या पानावर आहे म्हणून.